दार घेऊन दौरा

दार न्यायचंच, असं कलाकाराने ठरवलं आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

कलाकार हे काही त्याचं नाव नव्हे. पण सोसायटीत सगळे त्याला त्याच नावाने ओळखत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे बोलणाऱ्यावर अवलंबून असे. सकाळी दूधवाला "कलाकार, दूध!" म्हणून ओरडे, त्यात निव्वळ कौतुक असे. बायकोचा थोरला भाऊ चारचौघांत "हे आमचे कलाकार" अशी ओळख करून देई, तेव्हा मात्र त्याला उगीचच आपल्या चपलांकडे बघावंसं वाटे.

हा मेहुणा फरशांचा व्यापारी. माणूस मनाने चांगला. बहिणीचं चांगलं व्हावं, एवढीच त्याची इच्छा. आणि ते चांगलं आपल्या दुकानाच्या काउंटरमागेच होऊ शकतं, असं त्याचं ठाम मत. "हा दौरा कर," तो कलाकाराला म्हणाला होता, "जमला तर आनंदच आहे. नाही जमला तर मात्र पहिल्या तारखेपासून दुकानात यायचं. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं हासुद्धा अभिनयच की." कलाकाराने मान डोलावली. ती होकारार्थी डोलावली की नकारार्थी, हे मेहुण्याला कळू नये एवढा अभिनय त्याला नक्कीच येत होता. पण बायको शेजारीच उभी होती आणि तिला कळलं.

आता दाराचं. कलाकाराच्या एकपात्री नाटकाचं नाव 'आत कोण आहे?'. एका माणसाने स्वतःला घरात कोंडून घेतलंय. बाहेर शेजारी येतो, पोस्टमन येतो, पोलीस येतो, जुना मित्र येतो आणि शेवटी त्याची रुसून गेलेली मुलगी येते. सगळे दार ठोठावतात, विनवतात, धमकावतात, रडतात. आतला माणूस अवाक्षर बोलत नाही. दार उघडत नाही. पडदा. बाहेरची सगळी माणसं कलाकार एकटा करायचा, टोप्या बदलून. आतला माणूस कोणीच करायचं नव्हतं, ही एक मोठी बचत होती.

पण दार हवं. आजवर आयोजक जे देतील त्यावर त्याने भागवलं होतं. कुठे कपाट मिळालं, कुठे फळा मिळाला. एका क्लबात तर चक्क फ्रीज दिला होता. मुलगी व्याकूळ होऊन "बाबा, एकदा तरी बोला हो" म्हणतेय आणि बाबा फ्रीजमध्ये आहेत, हे दृश्य बघून पहिल्या रांगेतल्या बाईंनी तोंडात रुमाल कोंबला होता. त्या दिवशी कलाकाराने शपथ घेतली: यापुढे खरं दार. सागवानी नसलं तरी चालेल, पण दार.

आणि योग असा की, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांनी त्याच सुमारास आपल्या घराचं दार बदललं. जुनं दार जिन्यात उभं होतं.

"घेऊन जा," इंजिनिअर म्हणाले. "कडी स्प्रिंगची आहे. एकदा लागली की बाहेरून काय, आतून काय, किल्लीशिवाय उघडत नाही. चोर हात टेकतात."

"नाटकात दार उघडायचंच नाहीये," कलाकार म्हणाला.

"मग तर किल्लीही नको." एवढं बोलून त्यांनी किल्ली परत खिशात टाकली. पुढे काय वाढून ठेवलंय याची दोघांनाही कल्पना नव्हती.

दार जिन्यातून खाली येईपर्यंत सगळी सोसायटी गोळा झाली. तळमजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "कशाला एवढं ओझं? चादरीवर दाराचं चित्र काढा आणि गुंडाळून न्या." कलाकाराने विचारलं, "मावशी, चादर ठोठावायची कशी?" त्यावर मावशींनी "तोंडाने टकटक म्हणायचं" असं उत्तर दिलं, आणि वर अभिनय म्हणजे आणखी काय असतं, असंही विचारलं. बँकेतल्या शेजाऱ्यांनी दाराचा विमा उतरवायला सांगितलं. इंजिनिअरांना मात्र स्वस्थ बसवेना. निवृत्त इंजिनिअरसमोर एखादी अखंड वस्तू ठेवली की त्याचे हात शिवशिवतात. "हे बसमध्ये मावायचं नाही," ते म्हणाले. "मधोमध कापू, बिजागऱ्या लावू. घडी होईल. उभं करताना मागून लोखंडी पट्टी बसवायची, की पुन्हा जसंच्या तसं." संध्याकाळपर्यंत दाराची घडी झाली. कलाकाराला फार बरं वाटलं. घडी घालता येईल असं दार जवळ असलेला तो बहुधा पहिलाच नट होता.

दौऱ्यात बायकोही निघाली. ती शिकवत होती त्या शाळेला सुट्टी होती, आणि नवऱ्याला एकटं पाठवलं तर तो दार घेऊन येईल पण स्वतःची बॅग विसरेल, हे ती अनुभवाने जाणून होती. शिवाय नाटकाचं पार्श्वसंगीत तिच्याच हातात होतं. म्हणजे तिच्या मोबाइलमध्ये. बेल, कुत्र्याचं भुंकणं, गडगडाट, सगळं.

बसस्टँडच्या पार्सल खिडकीत एक कारकून बसला होता. त्याने दाराकडे बघितलं, दोघांकडे बघितलं.

"हे काय?"

"दार."

"ते दिसतंय. पण आहे काय? फर्निचर?"

"फर्निचरच म्हणा."

"कसं म्हणू? फर्निचर म्हणजे ज्यावर बसता येतं किंवा ज्यात काहीतरी ठेवता येतं. ह्याच्यावर बसता येतं?"

"नाही."

"मग हे बांधकामाचं साहित्य. बांधकामाचं साहित्य प्रवासी गाडीत चालत नाही."

कलाकाराने सांगितलं की, आपण नट आहोत. कारकुनाने त्याच्याकडे नीट निरखून बघितलं आणि "कशात होतात?" असं विचारलं. या प्रश्नाचं उत्तर कलाकाराकडे नेहमीच लांबलचक असे आणि ते संपेपर्यंत समोरचा माणूस दुसरीकडे बघू लागे. तसंच झालं. शेवटी बायको पुढे झाली.

"वाद्य चालतं का हो गाडीत?"

"वाद्य चालतं. कलाकारांना सवलतही आहे."

"मग हे वाद्य आहे." आणि तिने दाराच्या फळीवर बोटांनी असा काही ठेका धरला की, रांगेतले लोक पाय हलवू लागले. शाळेत स्नेहसंमेलनाची ढोलकी तीच वाजवायची, हे कारकुनाला कुठून ठाऊक असणार? त्याने थोडा वेळ डोळे मिटून ऐकलं. मग गंभीरपणे शिक्का उचलला आणि म्हणाला, "आवाज जरा बद्द आहे. पण वाद्य आहे." दार टपावर चढलं.

कलाकार खिडकीशी बसला. बायकोने वेळ निभावून नेली याचा त्याला आनंद झाला होता. आपल्याला कोणी ओळखलं नाही याचं दुःखही झालं होतं. दुःख थोडं जास्त होतं. पण खिडकीतून वारा येत होता, आणि वारा लागला की कलाकाराला नेहमीच वाटे, पुढच्या गावी सगळं बदलणार.

पुढच्या गावी उतरल्यावर कळलं की, लोखंडी पट्टी टपावरच राहिली. बस निघून गेली होती.

"काही हरकत नाही," बायको म्हणाली. "मी मागे स्टुलावर बसणारच आहे. एका हाताने दार धरते, एका हाताने मोबाइल."

सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. शेजारी झाला, पोस्टमन झाला. पोलिसाला टाळी पडली. दाराआड बायको डाव्या हाताने दाराचा वरचा अर्धा भाग धरून, उजव्या हाताने आवाज सोडत होती. दुपारचं जेवण बुडालं होतं म्हणून मांडीवर एक सोललेलं केळं ठेवलं होतं, त्याचा मधूनच एक घास घेत होती. सगळं झकास चाललं होतं. मुलीचा प्रवेश आला. कलाकाराने ओढणी घेतली, गुडघ्यांवर बसला, कपाळ दाराला टेकवलं. सभागृह चिडीचूप. "बाबा," तो हलकेच म्हणाला, "बाबा, एकदा तरी बोला हो."

आणि ध्वनिक्षेपकातून खणखणीत आवाजात मेहुण्याच्या फोनची रिंग वाजली. ती एका नाचाच्या गाण्याची होती.

बायकोने घाईघाईने फोन बंद करायला दुसरा हात नेला. म्हणजे दार धरलेला हात. दाराचा वरचा अर्धा भाग अदबीने वाकल्यासारखा पुढे आला, कलाकाराच्या डोक्यावर टेकला आणि खाली लोंबकळत राहिला. मागे प्रकाशात स्टुलावर बसलेली बायको. तोंडात केळं.

मग मागच्या रांगेतून एक आवाज आला. "आत कोण आहे? वहिनी आहेत!"

सभागृह कोसळलं. पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत कलाकाराला एवढा मोठा हशा कधी मिळाला नव्हता, आणि तो नेमका शोकांतिकेत मिळाला होता. आयोजकांनी आभार मानताना "विनोदी कार्यक्रम" असा उल्लेख केला. रात्री तो काही जेवला नाही. बायको म्हणाली, "लोकांना आवडलं तरी." तो म्हणाला, "त्यांना तू आवडलीस." यावर ती हसली, आणि तिने हसू नये असं त्याला वाटलं, आणि मग तोही जरासा हसला. पण मनात सल राहिला. त्यात सकाळी तिसऱ्या गावच्या आयोजकांचा निरोप आला: आमच्याकडे गंभीर नाटकाची मागणी आहे, तरी आपला कार्यक्रम रद्द समजावा.

म्हणजे तीन गावांच्या दौऱ्यात उरलं एकच गाव. त्यानंतर फरशा.

या दुसऱ्या गावी वाचनालयाचा वर्धापनदिन होता. वाचनालयाच्या सेक्रेटरीने समोरच्याच लॉजमध्ये त्यांची सोय केली होती. सेक्रेटरी हा जन्मतःच काळजीत असलेला माणूस होता. "प्रमुख पाहुणे याच लॉजवर उतरलेत," तो कुजबुजला. "निवृत्त न्यायाधीश. वेळेचे फार काटेकोर. ते आल्याशिवाय कार्यक्रम सुरू करायचा नाही, असा समितीचा ठराव आहे." लॉजवरच्या खोल्या नीटनेटक्या होत्या. फक्त वरच्या मजल्यावरच्या सामायिक बाथरूमला दार नव्हतं; जुनं कुजलं होतं. तिथे पडदा लावला होता. "आज सुतार येतोय, नवं दार घेऊन," लॉजच्या मालकीणबाईंनी सांगितलं.

कलाकाराने गावात शिरताच नवी पट्टी घेतली, ती स्क्रूने घट्ट पिळून बसवली, दार उलगडून बाथरूमजवळच्या भिंतीला टेकवलं आणि दोघं सभागृह बघायला गेली. बायकोने जाताना एकदा मागे वळून बघितलं. "इथे ठेवलेलं बरं ना?" कलाकार म्हणाला, "दार कोण चोरणार?"

चोरलं कोणी नाही. दार मालकीणबाईच आणणार अशा समजुतीने सुतार नुसती हत्यारं घेऊन आला, आणि त्याला बाथरूमशेजारी भिंतीला टेकवलेलं दार दिसलं. मालकीणबाईंनी दार आणून ठेवलंय, असं त्याला वाटलं. सुताराने दार आणलंय, असं मालकीणबाईंना वाटलं. दोघंही एकमेकांवर खूश झाली. सुताराने दार मन लावून बसवलं. कडीसुद्धा चौकटीच्या जुन्या भोकात नेमकी बसली. मग तो हत्यारं आवरून गावाच्या दुसऱ्या टोकाला पुढच्या कामावर गेला. आणि नव्या दाराचं उद्घाटन करायला, हातात साबण, कमरेला टॉवेल अशा थाटात, प्रमुख पाहुणे आत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

खट्.

कलाकार आणि बायको परत आली तेव्हा वरच्या मजल्यावर मालकीणबाई दाराला कान लावून उभ्या होत्या.

"माझं दार!" कलाकार ओरडला.

"तुमचं कसं? माझं आहे. आजच बसवलंय."

"आत कोण आहे?" बायकोने विचारलं. नाटकाचं नाव आपण घेतलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

आतून एक धीरगंभीर आवाज आला. "मी आहे. बराच वेळ आहे. कडी निघत नाही."

किल्ली इंजिनिअरांच्या खिशात, इंजिनिअर घरी, घर दोन गावं मागे. तेवढ्यात सेक्रेटरी जिना चढून आला. त्याने आवाज ओळखला आणि तो भिंतीला टेकून खालीच बसला. "प्रेक्षक आलेत," तो म्हणाला. "पाहुण्यांशिवाय सुरू करायचं नाही, असा ठराव आहे. ठराव मीच मांडला होता."

"तोडू या दार," बायको म्हणाली.

"खबरदार!" मालकीणबाई आणि कलाकार एकदमच ओरडली. दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच एका मुद्द्यावर. त्यानंतर दार कोणाचं, यावरून जी जुंपली, ती ऐकून खालचे लोक जिन्यात जमू लागले. मालकीणबाईंचं म्हणणं, जे माझ्या भिंतीत आहे ते माझं. कलाकाराचं म्हणणं, भिंतीत लोक काहीही बसवतील. आवाज चढत गेले.

"शांतता!" आतून गर्जना झाली. सगळे गप्प. "एकेकाने बोलायचं. आधी वादी. वादी कोण?"

कलाकाराने इकडेतिकडे बघितलं. "मी असेन बहुतेक."

"बहुतेक नको. दार तुमचं, याला पुरावा?"

"मधोमध कापलेलं आहे साहेब. बिजागऱ्या आहेत. तुम्ही आतून हात लावून बघा, छातीच्या उंचीवर."

आत थोडी चाचपणी ऐकू आली. "आहेत. प्रतिवादी, बाथरूमला घडीचं दार तुम्ही मागवलं होतं का?"

मालकीणबाई गोंधळल्या. "नाही हो. पण बसलंय किती छान!"

"ते मी जाणतो," आतला आवाज जरा कडवटपणे म्हणाला. "दार वादीचं. परंतु सुतार येईपर्यंत ते तोडायचं नाही, कारण ते माझ्या अंगावर पडेल. तोवर जैसे थे."

जिन्यात टाळ्या पडल्या. सेक्रेटरी मात्र रडकुंडीला आला होता. "साहेब, सुताराकडे माणूस धाडलाय, पण वेळ लागेल. तिकडे प्रेक्षक खुर्च्या आपटतायत. कार्यक्रम रद्द करू का?"

रद्द हा शब्द कलाकाराने ऐकला. त्याला मेहुण्याचं दुकान दिसलं. काउंटर दिसलं. काउंटरमागे तो स्वतः दिसला. तो गोड बोलत होता.

"नाटक कशाबद्दल आहे?" आतून प्रश्न आला.

"एक माणूस आत असतो," कलाकार ओशाळून म्हणाला, "आणि बाहेरचे लोक दार ठोठावत असतात."

मग जज्जसाहेब म्हणाले, "मग आणखी काय हवंय तुम्हाला? दार इथे आहे. आत माणूस आहे. प्रेक्षक तेवढे नाहीत. त्यांना इथे आणा. समितीच्या ठरावाप्रमाणे प्रमुख पाहुणे उपस्थित आहेत, अशी नोंद करा."

अशा रीतीने वाचनालयाचा वर्धापनदिन लॉजच्या वरच्या मजल्यावर साजरा झाला. लोक जिन्याच्या पायऱ्यांवर बसले, कठड्याला टेकले, खोल्यांच्या दारांत खुर्च्या टाकून बसले. मालकीणबाई खुर्ची घेऊन आल्या आणि "माझ्या दारासमोर आहे" म्हणून सर्वांत पुढे बसल्या. बायकोला दाराआड जागा नव्हती, म्हणून ती पायरीवर बसली. तिने मोबाइल चालू केला, आधी भावाचा नंबर बंद करून ठेवला आणि मान हलवली.

कलाकाराने पहिल्यांदा दार ठोठावलं, तेव्हाच त्याला काहीतरी वेगळं जाणवलं. पंधरा वर्षं तो कपाटांशी, फळ्यांशी, फ्रीजशी बोलत आला होता. आता पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं. शेजारी झाला तेव्हा आतून खोकला आला. पोस्टमन झाला तेव्हा आत बादली सरकल्याचा आवाज आला. प्रत्येक आवाजागणिक पायऱ्यांवरचे लोक पुढे झुकत. पोलीस "दार उघड, नाहीतर कायदा हातात घेईन" म्हणाला, तेव्हा आतून एक नापसंतीचं "हं" ऐकू आलं आणि हशा पिकला. या हशाचं कलाकाराला वाईट वाटलं नाही. तो पुढच्या शांततेकडे घेऊन जाणारा हशा होता. असा हशा आणि कालचा हशा यांत फरक असतो, हे नटाच्या पाठीला कळतं.

मग मुलीचा प्रवेश आला. कलाकार गुडघ्यांवर बसला. कपाळ दाराला टेकवलं. त्याच्या लक्षात आलं की आपला आवाज नेहमीपेक्षा हळू निघतोय, कारण पलीकडच्या माणसाला ऐकू जायला एवढा पुरे होता.

"बाबा, एकदा तरी बोला हो."

नाटकात इथे शांतता असते. ती संपूच नये अशी असते. मग पडदा पडतो.

पण आतून आवाज आला. गर्जना नव्हे, निकाल देणारा आवाजही नव्हे. एका थकलेल्या म्हाताऱ्या माणसाचा साधा आवाज.

"उघडायचं आहे गं मला. पण आतून उघडत नाही."

आधी कोणीतरी हसू लागलं आणि मध्येच थांबलं. मालकीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सेक्रेटरी, जो आयुष्यात कधी काळजीतून बाहेर आला नव्हता, तोंड उघडं टाकून बघत राहिला. कलाकाराला पुढचा संवाद आठवेना, कारण पुढे संवादच नव्हता. त्याने फक्त तळवा दारावर ठेवला. आणि पलीकडून, अगदी त्याच उंचीवर, हात टेकल्याचा आवाज आला.

तेव्हा पायऱ्यांवरून वाट काढत सुतार आला. त्याला वाटलं, काहीतरी अघटित घडलंय, सगळे रडताहेत. त्याने गुपचूप चौकटीकडच्या बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, दार उचलून बाजूला घेतलं. आत जज्जसाहेब उभे होते. कमरेला टॉवेल, हातात साबण, चेहरा अत्यंत गंभीर. असा टाळ्यांचा कडकडाट त्या लॉजने कधी ऐकला नव्हता. जज्जसाहेबांनी दोन्ही हातांनी टॉवेल सांभाळत वाकून अभिवादन केलं आणि ठरल्याप्रमाणे अध्यक्षीय भाषण तिथेच केलं. ते भाषण एका वाक्याचं होतं: "माझी बाजू संपली."

सेक्रेटरीने त्याच संध्याकाळी तिसऱ्या गावच्या आयोजकांना फोन केला. काय सांगितलं कोण जाणे, पण सांगताना तो दोनदा रडला आणि एकदा हसला. रद्द झालेला कार्यक्रम पुन्हा ठरला, आणि त्याच्यापुढच्या गावचाही. बायकोने भावाचा नंबर पुन्हा चालू केला. लगेच रिंग वाजली. "दादा," ती म्हणाली, "दुकानासाठी दुसरा माणूस बघ." मग बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "नाही, वेड लागलेलं नाही. लागलं असलं तरी दोघांना लागलंय." कलाकार खिडकीबाहेर बघत उभा होता. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं, पण तोंड वळवायची त्याची हिंमत होत नव्हती.

सकाळी बसस्टँडवर दोघं दार घेऊन उभी होती, तोच समोरून जज्जसाहेब आले. इस्त्रीचा कोट, हातात छोटी बॅग.

"साहेब, आपली गाडी पलीकडच्या फलाटावर लागते," कलाकार म्हणाला.

"माहीत आहे." ते जरा घुटमळले. "निवृत्त झाल्यापासून मला सगळीकडे प्रमुख पाहुणा म्हणून नेतात. खुर्ची देतात. मी बोलतो. बोलून झालं की टाळ्या वाजवतात, त्या मी खाली बसतोय याच्या असतात." त्यांनी घसा साफ केला. "काल तसं नव्हतं. तर, तुम्हाला आतला माणूस लागेल, असं मला वाटलं. लागणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा. मला वाईट वाटणार नाही."

वाटलं असतं, हे दोघांनाही स्पष्ट दिसत होतं. बायकोने पुढे होऊन त्यांच्या हातातली बॅग घेतली. "पण साहेब, संवाद एकच आहे हं."

"एकच आहे, म्हणून तर नीट बसवला पाहिजे," जज्जसाहेब म्हणाले.

दार टपावर चढलं आणि बस सुटली. जज्जसाहेब बसच्या दाराजवळच्या जागेवर बसले आणि त्यांनी तालीम सुरू केली. पहिल्यांदा वाक्य फारच निकालासारखं आलं. कलाकार मागच्या सीटवरून वाकून म्हणाला, "साहेब, थोडं आतून." मग ते गंभीर आलं, मग रडवेलं आलं. बस गाव सोडून मोकळ्या रस्त्याला लागली. जज्जसाहेबांनी डोळे मिटले, हात समोरच्या दारावर ठेवला आणि अगदी साध्या, थकलेल्या आवाजात म्हणाले, "उघडायचं आहे गं मला. पण आतून उघडत नाही."

करकचून ब्रेक लागला. ड्रायव्हरने वळून बघितलं, आणि कंडक्टर धावत पुढे येऊन दाराची कडी ओढत म्हणाला, "उघडतो हं आजोबा, घाबरू नका. सावकाश उतरा."